रात्रीला रोज कोण देतंय?

जावयाचा पहिला दिवाळसण असला की सासऱ्याला यादी करावी लागते. लेकीचं लग्न मे महिन्यात झालं होतं आणि २०२४ ची दिवाळी ऑक्टोबरअखेर येत होती. बायकोने सांगितलं, मी लिहिलं: जावयाला कपडे, लेकीला साडी, विहीणबाईंची ओटी, चार दिवसांचं येणंजाणं आणि अंगठी. अंगठी दोनच ग्रॅमची, पण तोळ्याचा भाव तेव्हा ऐंशी हजारांकडे निघाला होता. जमेच्या बाजूला एकच शब्द होता, बोनस. तोही ऑगस्टमध्येच खोडला गेला.

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. गाडी भरताना पेट्या मोजायच्या, वजन टिपायचं, चलन फाडायचं. काम कारखान्याचं, पगार ठेकेदाराचा. ऑगस्टमध्ये ठेकेदार बदलला. नवा म्हणाला, मागच्या वर्षाचा बोनस मागच्याकडून घ्या. मागचा फोन उचलेना. १९६५ च्या बोनस कायद्यात वर्षभरात तीस दिवस काम केलेल्यालाही किमान ८.३३ टक्क्यांचा हक्क होता, हे मला ओळखीच्या एका युनियनवाल्याने समजावून सांगितलं. हक्क किती ते कळलं. तो कोणाच्या खिशातून काढायचा, हे त्यालाही सांगता आलं नाही.

मी मूळचा बार्शीकडचा. कामशेतला संसार थाटून बरीच वर्षं झाली, तरी मावळात माझी जमीन नाही, भात नाही, दाराशी चारचाकी नाही. दिवाळीआधी वरचे चार पैसे कसे मिळवावेत, असं विचारलं की जो तो एक वाट दाखवायचा. पवना धरणाच्या काठी तंबू लावा, शनिवारी मुंबईची पोरं भरभरून येतात. तंबूला काठावर जागा लागते, आणि जागावाल्याने तिथे स्वतःचेच तंबू ठोकलेले असतात. मळवली स्टेशनहून लोहगडाच्या पायथ्याला पर्यटक सोडा. त्याला गाडी लागते. पॅराग्लायडिंगवाल्यांच्या हाताखाली जा. तिथे माझे गुडघे आडवे येतात. लोणावळ्यात एखाद्या बंगल्यावर दिवाळीपुरते राखणदार म्हणून राहा, रोख पगार आहे. म्हणजे लेक-जावई माझ्या घरी आणि मी परक्याच्या फाटकावर. ही सूचना मी हसून सोडून दिली. पण लोणावळ्याच्या दिवाळीचं सगळं गणित तिच्यातच होतं, ते पुढे उलगडलं.

शेवटी बायको म्हणाली, "आमच्या गटात या. आम्हाला काट्यावर बसायला माणूस हवाय."

तिचा बचत गट 'उमेद' अभियानातला, दहा जणींचा. कामशेतवरून नाणे मावळात शिरणाऱ्या रस्त्यावर एका गावात अध्यक्ष आक्कांचं घर आहे, त्या घराच्या पडवीत फराळाच्या ऑर्डरी होतात. गटात पुरुषाला सभासद होता येत नाही. त्यावर बैठकीत काथ्याकूट झाली आणि 'हिशेबाला दाजी' अशी माझी सोय लागली. मोबदल्याचं नंतर बघू, असं ठरलं. नंतर बघू हे शब्द ठेकेदाराकडून ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. इथे का कोण जाणे, आला नाही.

भांडवल मात्र समोर होतं. लाडक्या बहिणीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मिळून तीन हजार विधानसभेच्या आचारसंहितेआधीच खात्यावर आले होते. दहाही जणींनी त्यातले हजार-हजार काढले. त्या दहा हजारांत चणाडाळ, तूप, साखर, पोहे, मैदा, शेंगदाणे आणि तेल आलं. तेलाची गोष्ट वेगळी आहे, ती सांगतोच.

माझ्या गोंधळाला सुरुवात झाली ती वाटीपासून. मी इलेक्ट्रॉनिक काटा आणि रकाने आखलेली वही घेऊन बसलो आणि आक्कांना विचारलं, चकलीच्या भाजणीचं प्रमाण काय? "चार वाट्या तांदूळ, दोन चणाडाळ, एक उडीदडाळ, मूठभर पोहे, धणे-जिरे." वाटी कुठली? "हीच." ती वाटी त्यांच्या सासूची होती. मूठ कोणाची, हे मी विचारलं नाही. घरी येऊन 'रुचिरा' उघडलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे नवशिक्यांच्या हाती गेलं, हे मी ऐकून होतो. मी नवशिकाच, पण मला हवे होते ग्रॅम. मग एका रात्री बायको झोपल्यावर काट्यावर वाट्या मोजत बसलो. तांदळाची एक वाटी आणि पातळ पोह्यांची एक वाटी यांच्या वजनात तिपटीहून जास्त फरक निघाला. खरेदी किलोत, कृती वाटीत आणि विक्री पुन्हा किलोत. मधला पूल कोणीच बांधलेला नव्हता, कारण आजवर तो कोणाला लागलाच नव्हता. आक्का वाणसामानाची यादी तोंडी सांगायच्या आणि शेवटी डब्यात उरायची ती फार तर वाटीभर डाळ.

दुसरा धक्का वजनाचाच. माझ्या कारखान्यात जेवढा माल आत येतो तेवढाच बाहेर जातो, नाहीतर चौकशी लागते. इथे किलोभर भाजणीच्या चकल्या किलोपेक्षा चांगल्याच जास्त भरल्या. मी काटा दोनदा तपासला. वहिनी, म्हणजे गटाच्या सचिव, म्हणाल्या, "पाणी उडालं, तेल मुरलं, मोहन त्यात. अजून किती वेळा मोजनार?" बेसनाच्या लाडवात उलटा प्रकार. भाजताना डाळीचं पीठ हलकं होतं, वर तूप ओढून घेतं, आणि चव बघणाऱ्यांचं वजन कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुटलेल्या चकल्यांसाठी मी 'तूट' असा रकाना केला. तो पाहून बायका इतक्या हसल्या की पुढे पडवीत कोणाच्याही हातून काहीही मोडलं की हाक यायची, "दाजी, तुटीत धरा."

गिरणीचंही एक शास्त्र असतं. भाजणी गव्हावर दळून चालत नाही. जात्यात गव्हाचं पीठ राहिलेलं असलं की चकली बिघडते म्हणतात. म्हणून दिवाळीच्या तोंडावर गिरणीवाला सकाळचा ठरावीक वेळ फक्त भाजणीसाठी ठेवतो, आणि त्या वेळी डबे रांगेत लावून बायका कट्ट्यावर बसतात. मी एकटा पुरुष. एक आजी माझ्या डब्यात बोट घालून पीठ चोळून म्हणाल्या, "उडीद जास्त भाजलाय. चकली काळी पडंल." आक्कांना येऊन सांगितलं तर त्यांनी आजींचं नाव ओळखलं, गाव ओळखलं आणि पुढचा घाणा कमी भाजला.

अनारशांपुढे तर मी हातच टेकले. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत वाळवून कुटायचा, गुळात कालवून ते पीठ मुरत ठेवायचं. खसखशीवर थापायचं आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचं. गटातल्या मावशींशिवाय कोणी त्याला हात लावत नाही. मी पहिल्याच आठवड्यात अनारशांची ऑर्डर वहीत लिहून बसलो होतो. मावशींनी स्पष्ट सांगितलं, पीठ होईल तेव्हा होईल, तारीख देऊ नका. आणि खरंच, एका रात्री कढईत मावशींचे अनारसे हसले. बायका मात्र गप्प. ते पीठ बाजूला गेलं आणि अनारसा दरपत्रकावरून कायमचा उतरला.

आता तेल. गटाने फराळाचं दरपत्रक गणपतीतच छापून घेतलं होतं, म्हणजे घरोघर जाणं-येणं असतं तेव्हा वाटून होतं. चकली तीनशे रुपये किलो. गणपती घरात असतानाच, १४ सप्टेंबरला, केंद्र सरकारने खाद्यतेलाचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्य होतं ते २० टक्के झालं, रिफाइंडवर १२.५ चं ३२.५. कामशेतच्या दुकानदाराने पंधरा किलोच्या डब्यामागे तीनशेहून जास्त वाढवून सांगितले. "कालच्या भावात कालच न्यायचा होता," एवढंच वर.

मी बार्शीला भावाला फोन लावला. त्याचं तीन एकर सोयाबीन. शुल्क वाढवलं ते सोयाबीनला भाव यावा म्हणून, असं बातम्यांत सांगत होते; मला वाटलं, आपलं तेल महागलं तर निदान त्याच्या पोत्याला तरी काही लागेल. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. त्याच्या बाजारात व्यापारी चार हजारांच्या थोडं वरच थांबत होते, वर ओलाव्याची कपात. एकाच आईची दोन लेकरं, एक सोयाबीन विकणारा, एक तेल विकत घेणारा, आणि दोघंही तक्रार करणारे. मधले पैसे कुठे गेले, हा माझ्या वहीच्या कुवतीबाहेरचा प्रश्न होता.

गटात वाद झाला. वहिनींचं म्हणणं, सगळ्यांनाच नवा दर लावा. आक्का म्हणाल्या, "गौरीच्या हळदीकुंकवाला ज्यांनी नाव लिवलं त्यांना तीनशेच. पत्रक आपन दिलं व्हतं." पुढच्यांना चकली तीनशे वीस झाली. त्यावरही एक बाई म्हणून गेल्या, की पुण्यात मार्केट यार्डात पूना मर्चंट्स चेंबर ना नफा ना तोटा भावाने लाडू-चिवडा विकतं, तुमचं एवढं महाग कसं? त्यांना काय सांगणार? तिथे टनांनी माल होतो. आमच्याकडे एक शेगडी, एक कढई, आणि गॅस संपला की कोणाच्या तरी घरून उचलून आणलेलं सिलिंडर.

कागदपत्रांचं काम माझ्या वळणाचं निघालं. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्यांना ती शंभर रुपयांत मिळत होती. गटाने ती आदल्या वर्षीच करून ठेवली होती, फक्त तो चौदा आकडी क्रमांक कुठल्याच पुडीवर नव्हता. मी लेबल केलं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किंमत, क्रमांक, चौकोनातला हिरवा ठिपका. तळेगावात छापून आणलं. मावशींनी ते हातात धरून लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, "औषधावानी दिसतंय." पण त्यानंतर सगळ्यांत आधी आपल्या माहेरी पाठवायच्या पुड्यांवर लेबल चिकटवून घेतलं ते मावशींनीच.

माल तयार व्हायला लागला, आता विकायचा कुठे? माझं उत्तर तयार होतं: लोणावळा. पैसा तिथे येतो. दिवाळीआधीच्या एका रविवारी जुन्या महामार्गावर ओळखीच्या एका दुकानाच्या कडेला टेबल मांडलं, पांढरी चादर घातली, पुड्या रचल्या, 'घरगुती दिवाळी फराळ' असा फलक लावला. मुंबईच्या गाड्या थांबत होत्या, काच खाली होत होती आणि प्रत्येक काचेतून एकच प्रश्न येत होता, "चिक्की है क्या?"

चिक्कीपुढे आमचं काय चालणार! १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला थांबते, घाट उतरणारी गाडीही ब्रेक तपासायला थांबते. थांबलेल्या गाडीतला माणूस काहीतरी विकत घेतोच, आणि इथे दीडशे वर्षं तो गूळ-शेंगदाणे घेत आला आहे. रेल्वेची जागा एक्स्प्रेसवेने घेतली तरी हात त्याच पाकिटाकडे जातो. सुट्टीवर आलेल्या माणसाला घरचा फराळ कशाला हवा? तो घरून निघालाय तोच या सगळ्यातून सुटायला. एका काकूंनी चकली हातात घेतली, काटे पाहिले, कौतुक केलं आणि इंद्रायणी तांदूळ मिळेल का विचारलं. इंद्रायणी इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो १९८७ साली दिला. पण नवा इंद्रायणी तेव्हा शेतात उभा होता. मावळात दिवाळी आधी येते आणि भात नंतर. घराघरांत याच महिन्यात हात आखडलेला असतो तो त्यामुळे. हे काकूंना सांगेपर्यंत त्यांची गाडी सुरू झाली होती.

दुपारपर्यंत विकलं गेलं ते असं: समोरच्या बंगल्याच्या राखणदाराने पाव किलो चकली नेली. एका टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरने चिवडा घेतला आणि डिकीत न ठेवता सीटखाली ठेवला. मग हॉटेलच्या हाउसकीपिंगच्या निळ्या गणवेशातल्या दोघी जणी आल्या. त्यांनी सगळं थोडं थोडं मागितलं: पाव किलो चकली, पाव किलो चिवडा, पाव किलो शंकरपाळी, आठ लाडू. त्यातली एक मळवलीची. म्हणाली, "पाडव्यापासनं हॉटेल फुल्ल. गुजरातची पार्टी येती, लाभपंचमीपर्यंत हालत न्हाई. घरी कवा करू? पन पोरांपुढं आनि देवापुढं ठेवायला पायजे ना."

मी टेबल आवरलं. परतीच्या लोकलमध्ये ती रांगच डोळ्यांपुढे येत होती: राखणदार, ड्रायव्हर, हाउसकीपिंग. लोणावळ्याच्या सुट्टीवर ज्यांचं पोट आहे त्यांना दिवाळीची सुट्टी नाही, आणि सुट्टी नाही म्हणून त्यांच्या घरी कढई चढत नाही. चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला असणाऱ्या, बंगल्यांवर भांडीधुणी करणाऱ्या, लाँड्रीत चादरींचे ढीग उपसणाऱ्या, त्यातल्या कितीतरी जणी कामशेत, कान्हे, मळवलीहून लोकलने जातात आणि संध्याकाळी लोकलनेच उतरतात. आमचं गिऱ्हाईक माझ्या घरापासून पाच मिनिटांवर रोज उतरत होतं आणि मी ते खंडाळ्याकडे तोंड करून शोधत होतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामशेत स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी वही घेऊन उभे राहिलो. पाव-पाव किलोचा चार पदार्थांचा संच, तीनशे रुपये. शंभर आगाऊ, बाकी माल घेताना. आक्का म्हणाल्या होत्या, "पावशेराच्या पुड्यांनी वैताग यील." आला. पिशव्या चौपट, लेबलं चौपट, चिकटपट्टी चौपट. पण अख्खा किलो घेणारं घर स्वतःच तळतं; पाव किलो घेणारं घर विकत घेतं. वही भरत गेली. काही नावं आडनावाशिवाय होती, काहींपुढे फक्त हॉटेलची खूण: 'तलावाजवळची', 'लिफ्टवाली', 'रात्रपाळी'.

लोणावळ्यानेही एकदा बोलावलं. एका रिसॉर्टच्या खरेदी विभागातून फोन आला, कर्मचाऱ्यांना द्यायला फराळाचे डबे हवेत, दीडशे. माझे डोळेच फिरले. अट होती: बिल लावा, पंचेचाळीस दिवसांत चेक. मी वहीत भागाकार करत होतो तोवर आक्कांनी फोन मागून घेतला. "साहेब, पंचेचाळीस दिवसांनी कुठली दिवाळी येती?" पलीकडचा हसला. आक्का हसल्या नाहीत. शेवटी साठ डबे ठरले, साडेचारशेला एक, निम्मे पैसे आधी, निम्मे डबे उतरवताना. बाकीचे नव्वद त्याने दुसरीकडून घेतले असतील. माझा जीव थोडा हळहळला. डिस्पॅचच्या माणसाला गाडी अर्धी भरून सोडवत नाही.

याच दिवसांत भात कापणीला आला. परतीचा पाऊस एका संध्याकाळी दणकून झाला, खाचरांत पाणी राहिलं, आणि वाफसा झाल्याबरोबर सगळ्यांची घाई एकदम सुरू झाली. गटातल्या बहुतेकींची थोडीथोडी खाचरं आहेत आणि त्यांची सावड ठरलेली असते: आज हिच्या शेतावर, उद्या तिच्या. दिवसभर वाकून कापायचं, संध्याकाळी घरचं रांधायचं आणि रात्री आठला पडवीत यायचं. मी दिवसपाळी करून यायचो आणि खुर्चीवर बसायचो, तरी मला पेंग यायची. त्या कढईसमोर बसून तळायच्या, आणि बोलायच्या त्या भाताबद्दल: कोणाचा लोळला, कोणाचा वाचला, कोणाकडे विळे कमी आहेत.

तेव्हा मी तो हिशेब केला. गट खर्चात सामान, दळण, गॅस, पिशव्या धरत होता आणि उरलेल्याला नफा म्हणत होता. बायकांचे तास कुठेच नव्हते. मी धुणं, वाळवणं, भाजणं, तळणं, पॅकिंग, स्टेशनबाहेर उभं राहणं, असं सगळं मांडलं आणि प्रत्येकीच्या तासाला भागलं. आकडा पंचेचाळीसच्या आसपास आला. त्या हंगामात कापणीला बाईचा रोज पाचशेला टेकला होता, वर जेवण-चहा. म्हणजे तळण्यापेक्षा परक्याचं भात कापलं तर तासाला जास्त. मला वाटलं, मोठीच गोष्ट हाती लागली. बैठकीत वाचून दाखवली.

कोणी काही बोललं नाही. मावशी लाडू वळत होत्या, वळत राहिल्या. मग आक्का म्हणाल्या, "दिवसाचा रोज हाये, दाजी. रात्रीला रोज कोन देतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. रात्रीच्या तासाला बाजारात भाव नाही म्हणून तो फुकट, की तोच अंगावर सर्वांत महाग पडतो? वहीत यासाठी काय रकाना करायचा? बायको दुसऱ्या दिवशी पहाटे उठताना दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली, ते मी पाहिलं आणि चहा मी केला. तो काही रकाना नव्हे, हे मलाही कळतं.

पैसे वसुबारसेच्या आदल्या रात्री वाटले. चारशेपेक्षा जास्त किलोचं तळण-भाजण होईल असं सुरुवातीला कोणी म्हणत होतं. प्रत्यक्षात संच दोनशेच्या आसपास गेले आणि रिसॉर्टचे साठ डबे. हजार-हजार भांडवल आधी परत. उरलेले समान वाटे. माझ्याबद्दल चर्चा झाली, मी समोर असतानाच. वहिनी म्हणाल्या, अर्धा वाटा, कारण दाजी तळत नाहीत. कोणी विरोध केला नाही. बायकोनेही. तिचे साडेतीन हजार आणि माझे साडेसतराशे, मिळून अंगठीच्या पाव भागाहून थोडे जास्त.

कपडे झाले, साडी झाली, ओटीचं सामान झालं. आणि धनत्रयोदशीला लेकीचा फोन आला. आमचे जावई लोणावळ्यातल्याच एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहेत. पाडव्याची एक रजा मिळेल असं त्यांना तोंडी सांगितलेलं होतं; ड्युटीचा तक्ता लागला त्यात ती नव्हती. लाभपंचमी होऊन गर्दी ओसरेपर्यंत कोणालाच रजा नाही. दिवाळसण तुळशीच्या लग्नानंतर करू, चालेल ना, बाबा? मी चालेल म्हणालो. बायकोने फोन घेऊन विचारलं, फराळाचं काय करताय? लेक म्हणाली, वेळच नाही, विकतचाच आहे, त्यांच्या स्टाफला डबे मिळाले त्यातला. लेबल वाच, बायको म्हणाली. लेकीने वाचलं. चौदा आकड्यांसकट.

तुळशीच्या लग्नानंतर जावई आले, दोन दिवस राहिले, बराचसा वेळ झोपले. अंगठी एक ग्रॅमची झाली. त्यांना ती बसली, आणि आता ड्युटीवर ती घालायची परवानगी आहे का ते विचारून सांगतो म्हणाले.

रिसॉर्टच्या त्या खरेदीवाल्याचा परत फोन आला होता, एकतीस डिसेंबरसाठी चकली आणि तिखट शंकरपाळी हवी आहे, या वेळी जास्त. आक्कांनी सांगितलं, झोडणी झाल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि निम्मे आगाऊ. मी बैठकीत पूर्ण वाट्याचा मुद्दा काढला. लेबलं कोणी केली, स्टेशनबाहेर कोण उभं राहिलं, संच कोणाला सुचला, असं एकेक मांडलं. वहिनी म्हणाल्या, चकली पाडून दाखवा, मग बोलू. ठराव तसा लिहिला गेला आहे, माझ्याच अक्षरात.

तेव्हापासून सोऱ्या घरी आणून ठेवला आहे. काटे येतात, दुसरा वेढा घेताना तुटते. मावशींच्या मते पीठ कोरडं राहतंय, बायकोच्या मते हात. पुढची बैठक दहा तारखेला आहे.